चौथी सीट

विरार लोकलमधला बाक तिघांसाठी बनवलेला आहे. त्यावर चार माणसं बसतात. चौथा अर्धा बाकावर आणि अर्धा अधांतरी असतो, त्याचा एक पाय वाटेत असतो आणि उतरणाऱ्या प्रत्येकासाठी त्याला अंग चोरावं लागतं. तरी तो बसलेल्यांत मोडतो. उभे असलेले त्याच्याकडे ज्या नजरेने बघतात, त्यावरून ते कळतं. रेल्वेच्या कुठल्याही कागदावर ही चौथी सीट नाही. ती फक्त ‘जरा सरका’ या दोन शब्दांवर टिकून आहे.

आमची लीग याच बाकांवर जन्मली. साल २०१४. लोकसभेच्या निवडणुकीमुळे त्या वर्षी आयपीएलचा पहिला टप्पा अमिरातीत झाला होता आणि सकाळच्या फास्टमध्ये पत्त्यांना कंटाळलेली आम्ही आठ माणसं होतो. खेळ साधा. प्रत्येकाचा एक संघ, संघात अकरा खेळाडू, ते लिलावात घ्यायचे. लिलावाला पैसे नाहीत, प्रत्येकाकडे शंभर गुण. खेळाडूने मैदानावर काढलेली धाव म्हणजे आपल्याला एक, बळी म्हणजे वीस, झेल म्हणजे पाच. पेपरातला धावफलक समोर ठेवून नायगाव ते भाईंदरमधल्या खाडीपुलावर बेरजा व्हायच्या. दोनशे पानी वहीत सगळं. शेवटच्या नंबरवाल्याने सगळ्यांना जेवण द्यायचं, एवढीच पैज. २०२५ च्या ऑगस्टमध्ये पैशांचे ऑनलाइन खेळ कायद्याने बंद झाले, तेव्हा घरात मला विचारलं गेलं, “तुमचं ते बंद झालं का हो?” विचारण्यात आशा होती. आमचं ऑनलाइनही नव्हतं आणि पैशांचंही नव्हतं, त्यामुळे सरकारला आमच्या वहीपर्यंत पोचता आलं नाही.

या खेळाचा खरा जीव दुसऱ्या वर्षापासून सुरू झाला, कारण आम्ही एक नियम केला. दर वर्षी सगळे खेळाडू परत लिलावात टाकायचे नाहीत. प्रत्येकाने तीन राखायचे. राखलेल्याची किंमत वर्षाला दोन गुणांनी चढणार. चार गुणांना घेतलेला पोरगा पुढच्या वर्षी सहाला, मग आठला. अशाने स्वस्तात उचललेलं पोर मोठं होताना बघण्यात मजा येते, आणि किती दिवस धरून ठेवायचं याचा हिशेबही मनात चालू राहतो.

न्यू जर्सीतला माझा भाचा ऑफिसातल्या लोकांबरोबर बेसबॉलचा असाच खेळ खेळतो. त्याने पहिल्यांदा सांगितलं, “मामा, आमची कीपर लीग आहे,” तेव्हा मला वाटलं सगळे यष्टिरक्षकच घेतात की काय. मग कळलं, कीपर म्हणजे राखलेला. तिकडे हा खेळ १९८० सालापासून आहे. डॅनियल ओक्रेंट नावाच्या लेखकाने तो काढला आणि तो ज्या हॉटेलात मित्रांबरोबर जेवायचा त्याचं नाव त्याला पडलं, रोटिसरी. म्हणजे त्यांचा खेळ जेवणाच्या टेबलावर जन्मला आणि आमचा चौथ्या सीटवर. भाच्याचं म्हणणं, त्यांच्या लीगमध्ये दर हिवाळ्यात एकाच गोष्टीवरून भांडण होतं. यादी किती मोठी असावी? कुणाला पाच नावं वाढवून हवी असतात, कुणाला कमी. तिकडच्या खऱ्या बेसबॉलनेही २०२० मध्ये संघाची यादी पंचवीसवरून सव्वीस केली आणि सप्टेंबरात ती चाळीसपर्यंत फुगायची, तिला अठ्ठावीसचा लगाम घातला. एक माणूस वाढला तर एवढं काय, असं मी विचारलं. तो म्हणाला, “मामा, तुम्ही एकदा वाढवून बघा.”

आम्ही वाढवून बघितलं. वाढवण्याची सूचना माझी होती. पण त्याआधी पृथ्वी शॉबद्दल सांगायला हवं.

विरारचा मुलगा. वडिलांबरोबर किटची बॅग घेऊन विरारहून वांद्र्याला सरावाला जायचा, ही गोष्ट आता सगळ्यांना माहीत आहे, पण आम्हाला ती पेपरात येण्याआधी अंगाने माहीत होती. सकाळच्या गाडीत ती बॅग कुठे ठेवायची हा प्रश्न ज्याने एकदा तरी सोडवलाय, त्याला त्या पोराच्या ५४६ धावांचं निम्मं श्रेय त्या प्रवासाला द्यावंसं वाटतं. हॅरिस शील्डमध्ये रिझवी स्प्रिंगफिल्डकडून ३३० चेंडूंत ५४६, २०१३ साल. मग २०१८ च्या सुरुवातीला एकोणीस वर्षांखालच्या विश्वचषकाचा कप्तान, आणि त्याच ऑक्टोबरात राजकोटला पहिल्याच कसोटीत १३४. दिल्लीने त्याला १ कोटी २० लाखांना घेतलं त्या वर्षी आमच्या लिलावात मी चार गुणांना घेतला. मी चार म्हणालो आणि कुणी पाच म्हणालं नाही. पालघरवाला तेवढ्यात सँडविच खात होता, नाहीतर त्याने नक्की चढवलं असतं.

पालघरवाला म्हणजे डहाणूकडून येऊन विरारला आमच्यात मिसळणारा. त्याच्याकडे अर्थातच पालघरचा शार्दूल ठाकूर. आम्हा दोघांच्या याद्यांत ही दोन नावं निव्वळ हिशेबाने आलेली नव्हती, हे सगळ्यांना ठाऊक होतं. शहाणे त्याचा फायदाही घ्यायचे. शार्दूलचं नाव निघालं की कुणीतरी उगाच दोन गुण चढवायचा, पालघरवाला हमखास त्याच्या वर जायचा, आणि त्याच्याकडे बाकीच्यांसाठी तेवढे कमी उरायचे.

मी पृथ्वीला चारचा सहा केला, सहाचा आठ. २०२१ मध्ये दहा गुणांच्या या पोराने ४७९ धावा केल्या. कोलकात्याविरुद्ध शिवम मावीच्या पहिल्याच षटकात सहा चौकार मारले. दुसऱ्या दिवशी मी जरा जास्तच ऐसपैस बसलो होतो म्हणे.

२०२२ ला दिल्लीने रिटेन केलेल्या चौघांत तो होता, साडेसात कोटींना. माझ्याकडे बारा गुणांना. त्या वर्षी तो मधेच आजारी पडला, दहा सामने, २८३ धावा. वाईट नाही. पण माझ्याकडे त्याच्याहून बरे तीन झाले होते, आणि राखायचे तीनच. पृथ्वी चौथा झाला.

आता गंमत बघा. त्याच सुमाराला आयपीएलचे आठ संघ दहा झाले होते आणि २०२३ पासून इम्पॅक्ट प्लेअर आला, म्हणजे एका संघातून बारा जण खेळणार. दाही बारे एकशेवीस. आमचे संघ आठ, खेळाडू अकरा, अठ्ठ्याऐंशी. बत्तीस खेळणारी माणसं कुणाचीच नव्हती! मी वहीच्या मागच्या पानावर हे मांडलं आणि सभेत म्हणालो, खेळ मोठा झालाय, आपली यादीही मोठी करू. पंधरा करू. आठ पंधरे एकशेवीस, बरोबर बसतं. कुणी वाऱ्यावर राहणार नाही. आणि पंधरांच्या प्रमाणात राखायचे तीनचे पाच करू.

बोलताना माझा आवाज चांगला लागला होता. सगळ्यांना जागा, असा एकूण सूर. आमचा हिशेबनीस ऐकून घेत होता. हा माणूस फोर्टातल्या एका पेढीत जन्मभर दुसऱ्यांचे हिशेब तपासत आलाय आणि नायगावला चढूनही बसायला मिळवतो, यावरून काय ते समजा. तो म्हणाला, “पंधराचं गणित बरोबर आहे. पाचाचं कुठून आलं?”

मी म्हणालो, प्रमाण.

“अकराला तीन, तर पंधराला चार,” तो म्हणाला. “पाच तुला कशाला लागतात ते माहीत आहे मला. चारातही तुझं काम भागतं. पण चार म्हटलं की पृथ्वीसाठी केलं हे उघड दिसतं, म्हणून तू पाच म्हणतोस.”

मी रागावलो. तो चुकीचं बोलत असता तर एवढा रागावलो नसतो.

त्याचा दुसरा मुद्दा मला तेव्हा कळला नाही. तो म्हणाला, बाक लांब केल्याने उभ्यांना जागा होते हा भ्रम आहे. बसलेले आधी पिशव्या टेकवतात. विरारला चढणाऱ्याला हे सांगावं लागू नये. बारा डब्यांची गाडी पंधरा डब्यांची झाली तेव्हा आपण आठवडाभर खुशीत होतो, पुढे काय झालं? तेव्हा यादी वाढवायची तर वाढवा, पण ठराव आज करा आणि अंमल एक हंगाम सोडून. म्हणजे हात वर करताना कुणालाच माहीत नसेल की त्यात आपला फायदा आहे की तोटा.

त्याची सूचना कुणी धरली नाही. पाच विरुद्ध तीन मतांनी पंधराची यादी आणि पाचांची राखण लगेच लागू झाली. मी पृथ्वीला चौदा गुणांना राखला. २०२३ मध्ये त्याने आठ सामन्यांत १०६ धावा केल्या.

मी ते सोसलं असतं. पण त्या वर्षी लिलावाच्या दिवशी जे झालं ते बघायला हवं होतं. लिलाव आमच्यातल्या गाववाल्याच्या वाडीतल्या घरी, ओटीवर होतो. चहा, सुकेळी, पंखा नसला तरी चालेल असं फेब्रुवारीचं ऊन. एरवी हा लिलाव साडेतीन तास चालायचा, आरडाओरडा असा की शेजारून माणूस बघायला यायचा. या वेळी जवळजवळ चाळीस जण आधीच राखलेले. ज्यांची किंमत खरोखर चढली असती ते सगळे आत. बाहेर उरलेल्यांवर बोली लागेना. आणि सगळ्यांत मागून आलेला जो होता, नालासोपाऱ्याचा पोरगा, २०२२ ला एक जण बदली होऊन गेला त्याच्या जागी आलेला, त्याच्या वाट्याला त्या गेलेल्या माणसाची पडकी यादी आली होती. त्याच्याकडे राखण्यासारखे दोनच. बाकी तेरा त्याने त्या उरल्यासुरल्यांतून भरले. पंधरा नावं पूर्ण. कागदावर आम्हा सगळ्यांइतकीच. हंगामभर त्याच्या पंधरांतले सात-आठ जण मैदानाबाहेर पाण्याच्या बाटल्या घेऊन होते, आणि मध्येच एखादा चांगला नवा खेळाडू उगवला तर तो आधीच कुणाच्या तरी यादीत चौदावा-पंधरावा म्हणून पडून असायचा. पूर्वी तो मोकळा असायचा आणि शेवटच्या नंबरवाल्याला पहिला उचलता यायचा. मी ज्या बत्तीस जणांना वाऱ्यावर म्हणत होतो, ते खरं तर गरिबाची वाडी होते.

मराठीत ‘राखीव’ आणि ‘राखलेला’ हे एकाच धातूचे शब्द. अर्थ मात्र किती लांब. राखलेला म्हणजे सोडवत नाही असा, आणि राखीव म्हणजे बहुधा खेळवत नाहीत असा. यादी लांबली की बऱ्याचदा राखलेल्याचा राखीव होतो. माझ्या पृथ्वीचं तेच झालं. ‘ठेवणीतला’ हाही तसाच शब्द. ठेवणीतली साडी आईने इतकी जपली की नेसायची वेळ आली तेव्हा घडीवर विरलेली निघाली.

गाववाल्याने मात्र या सगळ्याकडे वेगळ्याच नजरेने पाहिलं. त्याला यादीत घेणं आणि यादीतून काढणं याचा घरचा अनुभव आहे. २००९ च्या जुलैत चार नगरपरिषदा आणि ५३ गावं मिळून वसई-विरार महापालिका झाली. गावांना ती नको होती, आंदोलनं झाली, आणि २०११ मध्ये सरकारने २९ गावं वगळायचं ठरवलं. मग ते न्यायालयात अडकलं. वर्षं गेली. मधे पालिकेची एक निवडणूकही झाली, गावं आत म्हणावीत तर आत नाहीत आणि बाहेर म्हणावीत तर बाहेर नाहीत, आणि २०२४ मध्ये सरकारने तो वगळण्याचा निर्णयच मागे घेतला. आमचा गाववाला त्या २९ पैकी एका गावचा. तो दर वर्षी लिलावाच्या आधी ओटीवर उभा राहून विचारतो, “आधी हे सांगा, मी राखलेला की सोडलेला?” आम्ही हसतो. पण त्या वर्षी तो पुढे म्हणाला की यादीत असण्या-नसण्याचं त्याला काही नाही, आज एक आणि उद्या एक याचा त्रास. विहिरीला पंप बसवायचा की नळाची वाट बघायची, हे माणूस नियम बघून ठरवतो. पंप घेतला की नियम बदलतो.

मला वाटतं, त्या वाक्यामुळे हिशेबनिसाची जुनी सूचना परत वर आली. २०२४ च्या फेब्रुवारीत आम्ही ठराव केला: यादी पंधराची बारा, राखायचे पाचांचे दोन, आणि अंमल २०२५ पासून. या ठरावाला आठांपैकी आठ मतं पडली. माझंही. हात वर करणं फार सोपं गेलं, कारण पुढच्या वर्षी ज्याला झळ बसणार तो माणूस दुसराच कुणीतरी असतो. पृथ्वी त्या वर्षी माझ्याकडे सोळा गुणांना होता. १९८ धावा झाल्या, शेवटी शेवटी दिल्लीने त्याला बसवलाही.

आयपीएलवाले हे आकडे आमच्याहून जास्त वेळा बदलतात. राखायचे २०११ ला चार, २०१४ ला पाच, २०२२ ला पुन्हा चार, २०२५ साठी सहा. त्याच वेळी त्यांनी एक जुना, गुंडाळून ठेवलेला नियम बाहेर काढला. पाच वर्षांत भारताकडून खेळला नसेल तो भारतीय खेळाडू ‘अनकॅप्ड’ धरायचा. त्यात धोनी चेन्नईला चार कोटींत राखता आला. एकासाठी केला असं कुणी म्हटलं, तर मी तरी काय बोलणार? मी वहीच्या मागच्या पानावर आठ पंधरे एकशेवीस मांडणारा माणूस.

मग २०२४ चा नोव्हेंबर, २४ आणि २५ तारीख, लिलाव जेद्दाहला. आमच्या बाकावर मोबाइल हातोहात फिरत होता. ऋषभ पंत २७ कोटी. श्रेयस अय्यर पावणेसत्तावीस. पृथ्वी शॉचं नाव आलं, ७५ लाखांपासून, आणि हात वर झाला नाही. अनसोल्ड. शार्दूल ठाकूरची मूळ किंमत दोन कोटी. तोही अनसोल्ड. विरारचा आणि पालघरचा, दोघे एकाच लिलावात. पालघरवाल्याने मोबाइल खिशात ठेवला. मी बाहेर बघत राहिलो. खाडी होती.

आमचा नियम असा की जो आयपीएलमध्ये नाही तो वहीत नाही. मी २०२५ च्या सभेत सूचना मांडली की प्रत्येकाच्या बारांच्या बाहेर एक जागा असावी. तिचे गुण मोजायचे नाहीत, किंमत चढवायची नाही. नुसतं नाव राहील. त्याला मी ठेवणीतली जागा म्हणालो. बोलता बोलता मला स्वतःचाच आवाज ऐकू आला, दोन वर्षांपूर्वीसारखाच चांगला लागलेला. हिशेबनीस या वेळी काही बोललासुद्धा नाही. सात विरुद्ध एक. पालघरवाल्यानेही विरोधात मत दिलं. “नाव काढायचं तर काढायचं,” तो म्हणाला, आणि वही पुढ्यात ओढून शार्दूलच्या नावावर त्याने स्वतः रेघ मारली.

मार्चमध्ये लखनौचा मोहसिन खान जखमी झाला आणि त्याच्या जागी शार्दूल आत आला. नियमाप्रमाणे तो आता मोकळा खेळाडू होता, आणि मोकळा खेळाडू उचलायचा पहिला हक्क शेवटच्या नंबरवाल्याचा. त्याने उचलला. २७ मार्चला हैदराबादमध्ये शार्दूलने ३४ धावांत चार बळी घेतले. दुसऱ्या दिवशी पालघरवाला विरारला डब्यात चढला, तोच बेरीज मोठ्याने वाचायला लागला. ऐंशी. दुसऱ्याच्या खात्यात. वाचताना चेहरा असा, की मुलीला चांगलं स्थळ मिळालंय.

या २०२६ च्या फेब्रुवारीत आम्ही पुन्हा ओटीवर बसलो. दोनच राखलेले, त्यामुळे लिलाव जुन्यासारखा रंगला, शेजारचे बघायला आले. मधल्या डिसेंबरात अबूधाबीच्या लिलावात पृथ्वीचं नाव आधी रिकामं गेलं आणि दिवसाच्या शेवटी दिल्लीनेच त्याला ७५ लाखांना परत घेतलं होतं. मी त्या दिवसापासून ठरवलेलं. अकरा नावं भरली, बारावी जागा मोकळी ठेवली, आणि तीन गुण हातात राखले. एकाला सुरू होईल, फार तर दोनला मिळेल.

नाव निघालं. मी म्हणालो, एक.

नालासोपाऱ्याचा पोरगा म्हणाला, दोन.

मी त्याच्याकडे बघितलं. त्याची मान खाली होती, तो स्वतःच्या कागदावर काहीतरी खोडत होता. मी म्हणालो, तीन.

“चार.”

हिशेबनिसाने माझ्याकडे बघितलं. त्याला माझ्याकडे किती उरलेत ते माहीत होतं, वही त्याच्याचकडे असते. एकदा, दोनदा, असं त्याने जरा सावकाशच म्हटलं. मग पोराने वर बघितलं आणि त्याच्या लक्षात आलं.

“काका, तुम्हाला हवा होता का? मी विरारलाच शाळेत होतो, म्हणून मला...”

“लिही,” मी हिशेबनिसाला म्हणालो. “चार गुण.”

त्याने लिहिलं. पुढच्या वर्षी सहा होतील.